मोबाईल डेटा : दर, मुदत आणि करार

खरीप हंगामात ई-पीक पाहणीची नोंद करण्यासाठी बांधावर उभा राहिलेला शेतकरी, पोषण ट्रॅकरवर बालकांची वजने भरणारी अंगणवाडी सेविका, शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकप्रणालीवर चढविणारे मुख्याध्यापक आणि आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीची वाट पाहत बँकेच्या खिडकीशी थांबलेली वृद्धा, या सर्वांच्या व्यवहारात एक गोष्ट समान आहे. हातातील फोनचा रिचार्ज चालू असल्याखेरीज त्यांचे काम पुढे सरकत नाही. एके काळी चैनीची म्हणून गणली गेलेली ही सेवा आता शासन आणि नागरिक यांच्यामधील नित्याचा दुवा झाली आहे. त्यामुळे तिच्या दराविषयी आणि अटींविषयी लोकांत जी नाराजी आढळून येते, ती केवळ खासगी खरेदी-विक्रीतील कुरबूर म्हणून सोडून देता येत नाही.

या नाराजीचे स्वरूप नीट तपासले असता एक विसंगती दिसते. डेटाचा दर गेल्या दहा वर्षांत विलक्षण खाली आला आहे. तरीही ग्राहकाचे समाधान वाढलेले नाही. या विसंगतीचे मूळ दराच्या आकड्यात फारसे नसून मुदतीत व अटींत आहे, आणि तेच समजावून घेणे प्रस्तुत ठरेल.

दर कसा उतरला

भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली या दोन शहरांदरम्यान झाले. त्या वेळी बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. १९९७ साली भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजेच ‘ट्राय’ची स्थापना झाली. २००३ साली येणारे कॉल निःशुल्क झाले. डेटाचे युग त्यानंतरचे. २०१४ साली एका जीबीसाठी सरासरी सुमारे २६९ रुपये मोजावे लागत. सप्टेंबर २०१६ मध्ये एका नव्या कंपनीने ४जी सेवा आरंभी विनामूल्य देऊ केली आणि सर्व बाजारपेठ ढवळून निघाली. २०१८ पर्यंत हाच सरासरी दर १२ रुपयांच्या आत आला. या स्पर्धेत अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. पूर्वी दहाहून अधिक कंपन्या होत्या, तेथे तीन मोठ्या खासगी कंपन्या आणि सार्वजनिक क्षेत्रातील सेवा एवढेच पर्याय उरले. त्यानंतर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन टप्प्यांत दरवाढ झाली.

हे दर ट्राय ठरवीत नाही, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मोबाईल सेवेचे दर बाजारावर सोपविण्याचे धोरण आहे. कंपनीने नवा दर लागू केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत तो ट्रायला कळवावयाचा असतो. ट्राय आपला अधिकार मुख्यतः दराची रचना पारदर्शक असावी, भेदभाव नसावा आणि ग्राहकास पुरेशी माहिती मिळावी यासाठी वापरते. म्हणून ‘ट्रायने दर वाढविले’ असे जे सर्रास म्हटले जाते ते बरोबर नाही.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

आता मुदतीकडे वळू. पगार महिन्याचा, घरभाडे महिन्याचे, विजेचे देयक महिन्याचे. मोबाईलचा महिना मात्र २८ दिवसांचा. वर्षाच्या ३६५ दिवसांस २८ ने भागल्यास तेरा येतात. याचा अर्थ बारा महिन्यांच्या उत्पन्नातून तेरा रिचार्ज करावे लागतात. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एका मोठ्या कंपनीचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेला. हा पॅक वर्षभर घेतल्यास ३,८८७ रुपये लागतात. तोच पॅक पूर्ण महिन्याचा असता तर ३,५८८ रुपये लागले असते. वाढीव २९९ रुपये ही मोठी रक्कम नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरात चार सिमकार्डे आहेत तेथे ती बाराशेच्या घरात जाते. शिवाय तारीख दर खेपेस दोन-तीन दिवस मागे सरकत असल्याने रिचार्ज कधी संपतो याचा अंदाजही राहत नाही.

या तक्रारी वाढल्यावर ट्रायने २७ जानेवारी २०२२ रोजी दर आदेशात दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने प्रत्येक प्रकारातील किमान एक पॅक ३० दिवसांचा आणि किमान एक पॅक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारा ठेवावा, असे तीत सांगितले आहे. एखाद्या महिन्यात ती तारीखच नसेल तर त्या महिन्याचा अखेरचा दिवस धरावयाचा. आदेशाने २८ दिवसांच्या पॅकवर बंदी घातलेली नाही, केवळ दुसरा पर्याय ठेवणे बंधनकारक केले आहे. दुकानातील फळ्यावर हा पर्याय क्वचितच लिहिलेला असतो. तो मागून घ्यावा लागतो.

मुदतीचा दुसरा पेच रोजच्या मर्यादेचा. रोज दीड जीबी याप्रमाणे २८ दिवसांत ४२ जीबी मिळतात आणि कागदावर एका जीबीचा दर ७ रुपये १२ पैसे पडतो. परंतु दिवसभर शेतात किंवा वर्गात असणारा मनुष्य सरासरी अर्धा जीबी वापरतो असे धरले, तर त्याच्या पदरात १४ जीबी पडतात. त्याला एक जीबी २१ रुपये ३६ पैशांस पडला. उरलेले २८ जीबी रोज मध्यरात्री रद्द होत गेले. कंपन्यांची बाजूही येथे लक्षात घेतली पाहिजे. टॉवर, रेडिओलहरींचा परवाना, केबल यांचा खर्च मुख्यतः स्थिर असतो. ग्राहकाने एक जीबी कमी वापरल्याने तो फारसा घटत नाही. म्हणून वापरापेक्षा दिवसांवर आकारणी करणे त्यांना सोयीचे वाटते, आणि त्यात हिशेबाच्या दृष्टीने तथ्य आहे. मात्र न वापरलेला डेटा पुढे नेणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, हे म्हणणे टिकत नाही. अनेक पोस्टपेड योजनांत ती सोय दिलेली आहेच.

रोजची मर्यादा संपल्यावर सेवा बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसपर्यंत उतरतो. या आकड्याचा अर्थ विद्यार्थ्यांना शिकविण्याजोगा आहे. वेग ‘बिट’मध्ये सांगितला जातो, डेटा ‘बाइट’मध्ये मोजला जातो आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. एका मेगाबाइटचे सुमारे ८,००० किलोबिट होतात. त्यांना ६४ ने भागले असता १२५ सेकंद येतात. पिकाचे एक साधे छायाचित्र पाठविण्यास दोन मिनिटांहून अधिक काळ लागणार, आणि तोही रेंज अखंड राहिली तर. ‘अमर्याद’ या शब्दामागे लहान अक्षरांत दडलेला अर्थ हा असा असतो.

मुदत आखूड करणे हा दरवाढीचाच एक प्रकार आहे, हेही ध्यानात ठेवावे. २०२४ च्या अखेरीस एका कंपनीने १९ रुपयांच्या एक जीबी डेटा पॅकची किंमत तीच ठेवली. पूर्वी हा पॅक मूळ प्लॅन संपेपर्यंत चालत असे, त्याची मुदत मात्र एका दिवसावर आणली. वृत्तपत्रांत दरवाढीच्या बातम्या मोठ्या मथळ्याने येतात, असे बदल कोपऱ्यात राहतात.

थोडे घेणाऱ्यास महाग

रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला एकदम मोठी रक्कम भरणे शक्य नसते. ते तेल-मीठ जसे रोजच्यापुरते आणतात तसाच रिचार्जही लहान घेतात. याची किंमत किती पडते ते पाहण्यासाठी जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेले एकाच कंपनीचे चार दर घ्यावेत. १८९ रुपयांत २८ दिवसांसाठी एकूण दोनच जीबी, म्हणजे बोलण्याची सोय वेगळी न मोजता जीबीमागे ९४ रुपये ५० पैसे. २९९ रुपयांच्या पॅकमध्ये ७ रुपये १२ पैसे. ८४ दिवसांच्या ७९९ रुपयांच्या पॅकमध्ये ६ रुपये ३४ पैसे. वर्षभराचे ३,५९९ रुपये एकरकमी भरणाऱ्यास रोज अडीच जीबी मिळतात आणि त्याला एक जीबी ३ रुपये ९४ पैशांस पडतो. घाऊक घेणाऱ्यास स्वस्त हा व्यापाराचा जुना नियम आहे. पण येथे सर्वांत कमी डेटा वापरणारा सर्वांत जास्त दर देतो आणि त्याला बहुधा त्याची कल्पनाही नसते. शाळेत टक्केवारी शिकविताना नफा-तोट्याच्या काल्पनिक उदाहरणांऐवजी हाच तक्ता फळ्यावर मांडला तर तो विद्यार्थ्यांमार्फत घरोघर पोहोचेल.

ज्यांना डेटा मुळीच नको, त्यांची अडचण याहून निराळी होती. बटणाचा फोन वापरणारी व्यक्ती केवळ बोलण्यासाठी आणि संदेशासाठी रिचार्ज करते. तिला डेटाचे पैसे का पडावेत? देशात असे फोन वापरणाऱ्यांची संख्या सुमारे १५ कोटी असल्याचे लक्षात घेऊन ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी ग्राहक संरक्षण विनियमांत बाराव्यांदा दुरुस्ती केली. केवळ कॉल व एसएमएस यांसाठीचा किमान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवणे तिने आवश्यक केले आणि विशेष पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढविली. पुढे जे घडले ते उद्बोधक आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका कंपनीने ८४ दिवसांच्या ५०९ रुपयांच्या जुन्या पॅकमधून ६ जीबी डेटा काढला आणि त्याची किंमत अवघ्या १० रुपयांनी उतरवून ४९९ केली. यावर टीका झाली. ट्रायने नवे पॅक तपासले जातील असे कळविले. काही दिवसांतच ती किंमत ४६९ रुपयांवर आली. नियम झाला म्हणून फरक पडला, पण नियमाचा आशय पाळला जातो की नाही यावर लक्ष राहिले म्हणून तो अधिक पडला.

तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, रिचार्जच्या दुकानात येणाऱ्या वृद्धांना हा डेटाविरहित पॅक ठाऊक असतो काय, याची चौकशी ग्रामपंचायत सदस्यांनी एकदा अवश्य करावी.

क्रमांक जिवंत ठेवणे

मुदत संपली की क्रमांक कायमचा जातो, अशी भीती ग्रामीण भागात फार आहे. दलालही ती वाढवितात. वस्तुस्थिती अशी की वापर नाही म्हणून प्रीपेड क्रमांक ९० दिवसांच्या आत रद्द करता येत नाही. खात्यात २० रुपये वा अधिक शिल्लक असल्यास त्यानंतरही कंपनीने तो रद्द न करता २० रुपये वळते करून ३० दिवसांची वाढ द्यावयाची असते. मात्र क्रमांक रद्द न होणे आणि सेवा चालू राहणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पॅकची मुदत संपताच जाणारे कॉल, व काही काळाने येणारे कॉल व संदेशही, थांबविले जाण्याचा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि ओटीपी अडतो तो येथेच.

१० रुपयांचा टॉपअप घेतल्यावर ७ रुपये ४७ पैसेच का जमा होतात, हा प्रश्नही वारंवार विचारला जातो. त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि एक रुपया प्रक्रिया शुल्क वजा झालेले असते. ही कपात नियमबाह्य नाही. उलट संमतीवाचून सुरू झालेल्या गाण्याच्या, भविष्याच्या किंवा खेळाच्या सेवेपोटी पैसे कापले गेले असतील, तर ती कपात नियमबाह्य ठरते. अशा सेवेसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणे २०१३ पासून बंधनकारक आहे व ती बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक आहे.

रिचार्ज हाही करारच

सही केली नाही म्हणून करार झाला नाही, असा समज चुकीचा आहे. पैसे देणे आणि सेवा घेणे यातून करार होतोच. अडचण एवढीच की त्याच्या सर्व अटी एका बाजूने लिहिलेल्या असतात आणि दुसऱ्या बाजूस त्या वाचण्याची संधी पैसे दिल्यावर मिळते. हा असमतोल अंशतः भरून काढण्यासाठीच नियामकाने काही हक्क ग्राहकास दिले आहेत. एखाद्या प्लॅनमध्ये सामील झाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत त्यातील कोणताही दर वाढविता येत नाही. आगाऊ पैसे घेऊन ठरावीक मुदतीचे आश्वासन दिले असेल, तर त्या संपूर्ण मुदतीत दर बदलता येत नाही. डेटा मर्यादेच्या ५०, ९० आणि १०० टक्के वापरानंतर संदेश मिळाला पाहिजे. प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांतील वापराचे तपशीलवार देयक मागता येते. त्यासाठी ५० रुपयांहून अधिक आकार घेता येत नाही आणि ते ३० दिवसांत द्यावे लागते. हा शेवटचा हक्क जवळजवळ कोणी वापरीत नाही, वास्तविक तक्रारीचा सर्वांत भक्कम पुरावा त्यातूनच मिळतो.

नैसर्गिक आपत्ती वगळता अन्य कारणाने संपूर्ण जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिली तर काय, हा प्रश्नही महत्त्वाचा. ऑगस्ट २०२४ मधील सेवा गुणवत्ता विनियमांनुसार पोस्टपेड ग्राहकास त्या दिवसांच्या भाड्याची सूट द्यावयाची आहे. प्रीपेड ग्राहकास तेवढी मुदत वाढवून देण्याची तरतूद १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. त्याच विनियमांनी कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयास लावले आहे. सिम घेण्यापूर्वी आपले गाव त्या नकाशात कोणत्या रंगात आहे हे पाहता येते.

कंपनी बदलण्याचा हक्क देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाला. १९०० या क्रमांकावर ‘PORT’ या इंग्रजी शब्दाची चार अक्षरे, मोकळी जागा आणि आपला मोबाईल क्रमांक असा संदेश पाठविला की आठ अक्षरांकांचा संकेतांक येतो. प्रारंभी यातही एक मेख होती. लहान पॅकमध्ये एसएमएसची सोयच नसल्याने स्वस्तातला ग्राहक हा संदेश पाठवू शकत नसे. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने निर्देश दिला, की पॅक कोणताही असो, १९०० वरील संदेश जाऊ दिलाच पाहिजे. अर्थात ज्या वाडीत एकाच कंपनीचा टॉवर पोहोचतो, तेथे हा हक्क कागदावरच राहतो.

तक्रारीची वाट

तक्रार प्रथम कंपनीच्या १९८ या निःशुल्क क्रमांकावर नोंदवावी व तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. तो न मागता संदेशाने यावयास हवा. निवारण झाले नाही किंवा समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावयास पाहिजे. वैयक्तिक तक्रारी निकालात काढण्याचा अधिकार ट्रायला नाही. तिच्याकडे गेलेला अर्ज कंपनीकडेच पाठविला जातो. या ठिकाणी अनेकांचे कित्येक महिने वाया जातात.

यापुढील वाट ग्राहक आयोगाची. ती आज मोकळी आहे, परंतु बरीच वर्षे ती बंद समजली जात होती. १८८५ च्या तार अधिनियमातील कलम ७-ब मध्ये लवादाची तरतूद होती. तिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली टेलिफोन देयकाचे वाद ग्राहक मंचाच्या कक्षेबाहेर ठरविले. त्या निर्णयाकडे बोट दाखवून खासगी कंपन्याही ग्राहकांना परत पाठवीत. अहमदाबादेतील एका ग्राहकाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्याचे सरासरी मासिक देयक ५५५ रुपयांचे. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्यासाठी त्याला २४,६०९ रुपये ५१ पैशांची आकारणी झाली. त्याने २०१४ साली जिल्हा मंचाकडे धाव घेतली. कंपनीने आकारणी योग्य की अयोग्य हा मुद्दा बाजूस ठेवून मंचाला अधिकारच नाही अशी हरकत घेतली. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग अशा तिन्ही पायऱ्यांवर ती फेटाळली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की ग्राहक कायद्याखालील दाद ही अतिरिक्त स्वरूपाची असून तार अधिनियमामुळे ती हिरावली जात नाही. तक्रार ऐकावी की नाही, एवढेच ठरण्यास आठ वर्षे गेली. ग्राहकाची चिकाटी दाद देण्यासारखी खरी, पण प्रत्येकास ती परवडणारी नाही हेही तितकेच खरे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला व त्यात ‘सेवा’ या संज्ञेत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख झाला. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्येही ग्राहक कायद्याखालील हक्क अबाधित ठेवलेला आहे. आता ग्राहकाला तो राहतो अथवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय जेथे आहे तेथे जाण्याची गरज नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, म्हणजे मोबाईलची बहुतेक सर्व प्रकरणे निःशुल्क ठरतात. वकील नेमण्याचे बंधन नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. दाव्यापूर्वी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. १९७४ साली पुण्यात आणि १९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाल्यापासून स्वयंसेवी मार्गदर्शनाची परंपरा महाराष्ट्रात आहेच.

एक भेद मात्र अर्ज लिहिणाऱ्याने पक्का ध्यानात ठेवावा. जास्त आकारणी, कबूल केलेली सेवा न देणे, संमतीवाचून कपात या बाबी जिल्हा आयोगाकडे जातात. कराराची एखादी अटच अन्यायकारक आहे, असे म्हणावयाचे असेल तर ‘अनुचित करार’ या नव्या संकल्पनेखालील तो अर्ज जिल्हा आयोग घेऊ शकत नाही. तो राज्य आयोगाकडे करावा लागतो. त्यामुळे कापलेले पैसे परत मागणारा साधा अर्ज आणि २८ दिवसांच्या मुदतीस किंवा मध्यरात्री रद्द होणाऱ्या डेटाच्या अटीस आव्हान देणारा अर्ज, हे दोन्ही एकाच कागदावर लिहू नयेत. पहिल्यासोबत सहा महिन्यांचे तपशीलवार देयक, १९८ वर मिळालेला तक्रार क्रमांक आणि अपिलाचे उत्तर जोडावे. दुसऱ्यासोबत रिचार्जच्या दिवशी दाखविलेल्या जाहिरातीची आणि अटींची प्रत.